पिंगलाचा वारसा आणि पुठ्ठ्याचा संगणक

भारत ही संगणक क्षेत्रातील महाशक्ती आहे, हे वाक्य गेली पंचवीस वर्षे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटेनाशी झाली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'वाय-टू-के'च्या धास्तीने पाश्चात्त्य जगाने आपल्या तरुणांना हाक दिली आणि त्या हाकेला ओ देत पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथून निघालेली पिढी बघता बघता सातासमुद्रापार पोहोचली. मध्यमवर्गीय मराठी घरांत त्यामुळे समृद्धी आली, देशाच्या गंगाजळीत परकीय चलनाची भर पडली आणि जगाच्या बाजारात भारतीय बुद्धिमत्तेचा दबदबा निर्माण झाला. हे यश खोटे नाही आणि त्याचे मोल कमी लेखण्याचेही कारण नाही.

तरीही एक प्रश्न मनाला टोचत राहतो. ज्या यंत्राच्या आधारावर हे सारे वैभव उभे आहे, त्याच्या अंतरंगात नेमके काय घडते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? येथे विषय सामान्य नागरिकांचा नाही. संगणकशास्त्राची पदवी घेतलेल्या तरुणाला विचारून पाहावे : तू लिहिलेली आज्ञावली चालते म्हणजे काय होते? तो कुठल्या तरी परकीय कंपनीच्या साधनाचे नाव सांगेल, कोणती कळ दाबायची ते सांगेल. पण कळ दाबल्यानंतर त्या चिमुकल्या सिलिकॉनच्या तुकड्यात काय घडते, या प्रश्नावर बहुधा तो अडखळेल. दोष त्याचा नाही. आपण त्याला तसेच शिकवले आहे. ब्रिटिशांनी आपल्या राज्यकारभारासाठी कारकून घडवले. स्वातंत्र्यानंतर आपण कारकुनाच्या हातातील टाक काढून घेतला आणि तेथे कळफलक ठेवला. मनोवृत्ती मात्र तीच राहिली.

वापरणाऱ्यांचे राष्ट्र

महाराष्ट्रात २००१ सालापासून एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमाने लक्षावधी स्त्री-पुरुषांची संगणकाविषयीची भीती घालवली. हे काम मोलाचेच आहे. पण ती वापराची साक्षरता होती. पत्र कसे टंकावे, तक्ता कसा भरावा, हे आले की, 'संगणक येतो' असे आपण म्हणू लागलो. मोटार चालवता येणे आणि इंजिन समजणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. एका व्यक्तीने केवळ चालक असणे यात काहीच गैर नाही. परंतु ज्या राष्ट्रात सारेच चालक आणि इंजिन जाणणारा कुणीच नाही, त्या राष्ट्राची गाडी दुसऱ्याच्या मर्जीवर चालते.

ही भीती काल्पनिक नाही. १९८०च्या दशकात हवामान संशोधनासाठी भारताने अमेरिकेकडे महासंगणक मागितला, तेव्हा अधिक शक्तिशाली यंत्र आपल्याला नाकारण्यात आले आणि जे क्रे यंत्र मिळाले, त्याच्या वापरावर कडक अटी घालण्यात आल्या. त्या अपमानातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकार झाला. प्रत्येक मराठी माणसाने ताठ मानेने सांगावी, अशीच ही गोष्ट आहे. मात्र ती सांगताना तिचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. 'परम'ची रचना आपली होती, त्यावरील आज्ञावली आपली होती. पण त्यातील प्रक्रियक, म्हणजे ज्याला आपण सर्रास प्रोसेसर म्हणतो तो, ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर होता. घर आपण बांधले, विटा मात्र परक्याच्या भट्टीतून आल्या.

तीन दशकांनंतर इतिहासाने पुन्हा तेच पान उघडले. जानेवारी २०२५ मध्ये मावळत्या अमेरिकी प्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या अतिप्रगत चिपांच्या निर्यातीवर मर्यादा घालणारा नियम जाहीर केला. त्यातून मोकळीक मिळालेल्या अठरा मित्रराष्ट्रांच्या यादीत भारताचे नाव नव्हते. मे २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने तो नियम मागे घेतला, हे खरे. पण जो नियम एका सहीने येतो आणि दुसऱ्या सहीने जातो, तो तिसऱ्या सहीने परतही येऊ शकतो. मैत्री ही आंतरराष्ट्रीय राजकारणात ऋतूप्रमाणे बदलते. ज्ञान मात्र एकदा रुजले की पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

समाधानाची बाब अशी की, देशाने आता हा धडा घेतला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मद्रास आयआयटीचा 'शक्ती', मुंबई आयआयटीचा 'अजित', सी-डॅकचा 'वेगा' हे प्रक्रियक भारतीय अभियंत्यांनी आरेखित केले. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रोने मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेसह घडवलेला, प्रक्षेपक यानांसाठीचा 'विक्रम-३२०१' हा ३२ बिटी प्रक्रियक देशापुढे आला. कारखाने उभे राहत आहेत, निधी उपलब्ध होत आहे. प्रश्न एवढाच आहे की, या कारखान्यांत आणि आरेखन केंद्रांत उद्या बसणारी पिढी आज आठवी-नववीत आहे आणि तिला आपण काय शिकवत आहोत?

शंभर कप्पे आणि एक कारकून

प्रक्रियक ही अतिशय गहन वस्तू आहे, ती समजायला इंग्रजी हवे, महागडी प्रयोगशाळा हवी, आयआयटीचा प्रवेश हवा, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. हा समज निराधार आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात स्टुअर्ट मॅडनिक यांनी विद्यार्थ्यांसाठी एक काल्पनिक संगणक रचला. त्याचे नाव 'लिटल मॅन कॉम्प्युटर', म्हणजे छोट्या माणसाचा संगणक. आज त्याची नक्कल करणारे अनेक सिम्युलेटर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि ब्रिटनमध्ये उच्च माध्यमिक स्तरावर तो शिकवलाही जातो. त्याची रचना इतकी साधी आहे की, ती येथेच, या पानावर सांगता येते.

अशी कल्पना करा की, टपाल कार्यालयातील एका बंद खोलीत एक कारकून बसला आहे. भिंतीवर ०० ते ९९ असे क्रमांक घातलेले शंभर कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात तीन अंकी संख्या लिहिलेली एकेक चिठ्ठी आहे. कारकुनाच्या हाताशी बेरीज-वजाबाकी करणारी एक पाटी आहे. हिला संचयक म्हणू. समोर एक फलक आहे, त्यावर पुढे कोणता कप्पा उघडायचा त्याचा क्रमांक असतो. खोलीला दोन खिडक्या आहेत : एकीतून बाहेरच्या संख्या आत येतात, दुसरीतून उत्तरे बाहेर जातात. कारकून स्वतः विचार करत नाही. तो फलक पाहतो, त्या क्रमांकाच्या कप्प्यातील चिठ्ठी वाचतो, फलकावरील आकडा एकाने वाढवतो आणि चिठ्ठीत सांगितलेले काम करतो. मग पुन्हा फलक पाहतो. आणणे, अर्थ लावणे, अंमल करणे. हेच चक्र अखंड फिरत राहते.

त्याला समजणाऱ्या आज्ञा अवघ्या दहा. चिठ्ठीतील पहिला अंक काय करायचे ते सांगतो आणि पुढचे दोन अंक कोणत्या कप्प्याशी ते सांगतात. १ म्हणजे 'मिळव', २ म्हणजे 'वजा कर', ३ म्हणजे 'ठेव', ५ म्हणजे 'उचल'. ६ म्हणजे 'अमुक कप्प्याकडे जा', ७ म्हणजे 'पाटीवर शून्य असेल तरच जा', ८ म्हणजे 'पाटीवरील संख्या ऋण नसेल तरच जा'. ९०१ म्हणजे 'खिडकीतून घे', ९०२ म्हणजे 'खिडकीतून दे' आणि ००० म्हणजे 'थांब'.

आता दोन संख्यांची बेरीज करायची आहे. कप्पा ०० पासून क्रमाने सहा चिठ्ठ्या ठेवायच्या : ९०१, ३९९, ९०१, १९९, ९०२, ०००. कारकून पहिली चिठ्ठी वाचतो आणि खिडकीतून, समजा, २५ घेतो. दुसरी चिठ्ठी सांगते, ही संख्या ९९ क्रमांकाच्या कप्प्यात ठेव. तिसरीनुसार तो १७ घेतो. चौथी सांगते, ९९ मधील संख्या हिच्यात मिळव. पाटीवर ४२ येतात. पाचवीनुसार ते बाहेर जातात, सहावीपाशी काम थांबते. वाचकहो, आपल्या खिशातील भ्रमणध्वनीपासून हवामानाचे भाकीत करणाऱ्या महासंगणकापर्यंत प्रत्येक प्रक्रियक मूलतः हेच करतो. त्याचे कप्पे अब्जावधी असतात, आज्ञा अधिक असतात आणि हे चक्र तो एका सेकंदात अब्जावधी वेळा फिरवतो. पण जादू कुठेही नाही. जे आहे ते केवळ वेग आणि शिस्त.

येथे गुणाकाराची आज्ञा नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लगेच ध्यानात येईल. मग सात सक कसे करायचे? सात ही संख्या सहा वेळा मिळवायची; किती वेळा मिळवली त्याची नोंद दुसऱ्या कप्प्यात ठेवायची; ती नोंद प्रत्येक फेरीत एकाने कमी करायची आणि शून्य झाली की थांबायचे. हे आवर्तन ज्या मुलाने एकदा स्वतः रचले, त्याला पुढे कोणतीही संगणकीय भाषा परकी वाटणार नाही. पाढे पाठ करणे आणि पाढा का तयार होतो ते समजणे, यांतील अंतर त्या दिवशी मिटते.

संख्या की आज्ञा?

या लहानशा यंत्रात एक मोठे रहस्य दडले आहे. १९९ ही चिठ्ठी पाहा. ती 'एकशे नव्याण्णव' ही संख्याही आहे आणि '९९ मधील संख्या मिळव' ही आज्ञाही आहे. चिठ्ठीवर तसे काहीच लिहिलेले नाही. कारकुनाचा फलक त्या कप्प्यावर आला, तर ती आज्ञा. कप्प्यातून उचलून पाटीवर घेतली, तर ती संख्या. आता एखाद्या चुकीने त्या चिठ्ठीत एक मिळवला गेला तर? १९९ चे २०० होतील आणि २०० चा अर्थ आहे, '०० मधील संख्या वजा कर'. बेरजेची वजाबाकी झाली! कारकून हूं की चूं करणार नाही. तो निमूटपणे चुकीचे काम करील.

शाळकरी मुलाला हा प्रयोग गमतीचा वाटेल. पण आजच्या संगणकीय आक्रमणांचे एक प्रमुख बीज नेमके येथे आहे. बाहेरून माहिती म्हणून आलेले आकडे आज्ञांच्या जागी पोहोचवायचे आणि यंत्राकडून त्यांचा अंमल करवून घ्यायचा, हा घुसखोरीचा जुना मार्ग. १९८८ मध्ये अमेरिकेत हाहाकार उडवणारा 'मॉरिस वर्म' ज्या वाटांनी पसरला, त्यांतील एक वाट हीच होती. पुढे जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' ही दोन वैगुण्ये उघड झाली, तेव्हा तर दोष आज्ञावलीत नसून प्रत्यक्ष प्रक्रियकाच्या रचनेतच असल्याचे जगाला कळले. जगभरातील बँका, रुग्णालये, संरक्षण खाती ज्या चिपांवर विसंबून होती, त्यांत हे वैगुण्य वर्षानुवर्षे होते. आपल्या वीजवाहिन्या, आपली रेल्वे, आपले आर्थिक व्यवहार ज्या यंत्रांवर चालतात, त्यांच्या पोटात काय आहे हे तपासू शकणारी माणसे आपल्याजवळ किती आहेत, हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे. सीमेवरील जवान आपल्या शस्त्राचा सुटा भाग न्‌ भाग ओळखतो. मग संगणकाच्या सीमेवरील आपल्या रक्षकाने आपले शस्त्र बंद पेटीसारखे का वापरावे?

पिंगलाचा वारसा : अभिमान आणि अभ्यास

संगणकाचा विषय निघाला की आपल्या वर्तुळात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, द्विमान पद्धतीचा शोध पिंगलाने लावला. दुसरी, संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे 'नासा'ने मान्य केले आहे. या दोहोंकडे प्रांजळपणे पाहिले पाहिजे.

दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करू. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज या 'नासा'शी संबंधित संशोधकाने एका नियतकालिकात लेख लिहिला. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या काटेकोर रीतीने उलगडून मांडत, ती रीत आणि यंत्रामध्ये ज्ञान साठवण्याची आधुनिक रीत यांत साम्य आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ते आपल्याला भूषणावहच आहे. पण तो एका अभ्यासकाचा लेख होता. तो 'नासा'चा निर्णय नव्हता आणि संस्कृतमध्ये आज्ञावल्या लिहाव्यात असेही त्यात म्हटलेले नव्हते. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सुमारे चार हजार सूत्रांची नियमबद्ध रचना इतकी थोर आहे की, तिला असत्याच्या कुबड्यांची गरज नाही. खोटी प्रशस्तिपत्रे फिरवल्याने पाणिनी मोठा होत नाही. आपण मात्र हास्यास्पद ठरतो.

पिंगलाची गोष्ट अधिक भक्कम पायावर उभी आहे. मराठी व्याकरणात वृत्ते शिकताना आपण सर्वांनी 'यमाताराजभानसलगा' घोकले आहे. लघू आणि गुरू अशी दोनच चिन्हे, तीन अक्षरांचा एक गण, म्हणून एकूण गण आठ. दोन चिन्हे, तीन स्थाने, आठ रचना : हेच तर संगणकातील तीन बिटांचे गणित. ख्रिस्तपूर्व काळातील पिंगलाचार्यांनी छंदःशास्त्रात या रचना क्रमाने मांडण्याची रीत दिली, तिला 'प्रस्तार' म्हणतात. त्याहून विलक्षण म्हणजे 'नष्ट' हा विधी. प्रस्तारातील एखादी ओळ पुसली गेली आणि तिचा केवळ क्रमांक ठाऊक असला, तर ती पुन्हा कशी मिळवायची? क्रमांक सम असेल तर लघू लिहा आणि निम्मे करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मे करा. असे अक्षरे पुरी होईपर्यंत करत राहा. पाचवी ओळ काढून पाहू. पाच विषम, म्हणून गुरू. एक मिळवून निम्मे केले की तीन. तीन विषम, म्हणून गुरू. एक मिळवून निम्मे केले की दोन. दोन सम, म्हणून लघू. गुरू, गुरू, लघू : हा झाला त-गण. प्रस्तारातील पाचवी ओळ हीच आहे.

ही शुद्ध, निःसंदिग्ध, यंत्रालाही कळेल अशी कृती आहे. तिच्या कर्त्यापुढे मस्तक लववावेच. परंतु पिंगलाने संगणक बनवला नव्हता, हेही तितकेच स्वच्छपणे म्हटले पाहिजे. लायब्निट्झने १७०३ मध्ये द्विमान अंकगणित मांडले, १८५४ मध्ये जॉर्ज बूल यांनी तर्काचे बीजगणित विस्ताराने रचले, १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी ते विजेच्या स्विचांवर चालवता येते हे दाखवले. ही साखळी अन्यत्र गुंफली गेली. आपल्याकडचे बीज छंदःशास्त्राच्या कुंडीतच राहिले, कारण मधल्या शतकांत आपण ज्ञान जपले, पण हाताने काही करून पाहण्याची सवय गमावली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या 'विज्ञाननिष्ठ निबंधां'तून पोथीत काय सांगितले आहे एवढेच पाहणारी वृत्ती आणि अद्ययावत ज्ञानाचा शोध घेणारी वृत्ती यांतील भेद परखडपणे दाखवला. तो भेद आजही आपला पिच्छा सोडत नाही.

मग या वारशाचे करायचे काय? माझे उत्तर साधे आहे. वर सांगितलेल्या दहा आज्ञांत पिंगलाचा नष्टविधी लिहून दाखवावा. निम्मे करण्याची आज्ञा तेथे नाही. म्हणून दोन-दोन वजा करत जायचे आणि किती वेळा वजा झाले ते मोजायचे. बाकी शून्य उरली तर सम, एक उरला तर विषम. नववीतला विद्यार्थी चार दिवस डोके खाजवील, पाच वेळा चुकेल आणि सहाव्यांदा खिडकीतून त-गण बाहेर पडेल. त्या क्षणी त्या मुलाला पिंगल जितका कळेल, तितका शंभर भाषणांतून कळणार नाही. पूर्वजांविषयीचा अभिमान त्या दिवशी त्याचा स्वतःचा होईल, कारण त्याने तो कमावलेला असेल.

काही आक्षेप

असे सांगितले की काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, आता कृत्रिम बुद्धिमत्ताच आज्ञावल्या लिहून देते, मग तळाशी जाण्याची गरज काय? खरे तर गरज आताच अधिक आहे. लिहिणारे यंत्र असेल, तर तपासणारा माणूस अधिक जाणकार हवा. कॅल्क्युलेटर आला म्हणून ज्यांनी अंकज्ञान सोडले, त्यांना दुकानदाराने केलेली चूक कळेनाशी झाली. तेच येथे राष्ट्राच्या पातळीवर घडेल. शिवाय ही कृत्रिम बुद्धिमत्ताही अखेर प्रक्रियकांवरील प्रचंड बेरजा-गुणाकारच आहे.

दुसरा आक्षेप असा की, अभियांत्रिकी आणि पदविकेच्या विद्यार्थ्यांना इंटेल ८०८५ शिकवला जातोच की! जातो, परंतु कसा? १९७०च्या दशकातील तो प्रक्रियक शिकण्यासाठी आजही उत्तम आहे. पण अनेक ठिकाणी त्याचे आज्ञासंकेत पाठ करणे, वहीत उतरवणे आणि तोंडी परीक्षेत म्हणून दाखवणे एवढेच होते. एका भारतीय तरुणाने २००३ मध्ये याच ८०८५ चा मुक्त सिम्युलेटर तयार केला. तो कुणालाही विनामूल्य मिळतो. साधन हाताशी आहे. उणीव आहे ती जिज्ञासेला वाव देणाऱ्या अध्यापनाची.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : खेड्यातील शाळेत वीज नसते, संगणक बंद पडलेले असतात, तेथे हे कसे होणार? याचे उत्तर इतिहासातच आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने शाळांसाठी 'कार्डियाक' नावाचा संगणक तयार केला. तो चक्क पुठ्ठ्याचा होता. शंभर घरांची स्मृती, दहा आज्ञा आणि सरकवायच्या पट्ट्या. वीज नाही, तार नाही. आज्ञेचा अर्थ लावून पट्टी सरकवणारा आणि पेन्सिलीने उत्तर लिहिणारा विद्यार्थी हाच त्याचा प्रक्रियक. जगातील अग्रगण्य प्रयोगशाळेला आपल्या मुलांसाठी पुठ्ठा वापरण्यात कमीपणा वाटला नाही, तर गडचिरोली वा नंदुरबारच्या जिल्हा परिषद शाळेला तो का वाटावा? वर्गातील मुलांनीच कप्पे, कारकून आणि खिडक्या व्हावे, चिठ्ठ्या फिरवाव्यात. खेळता खेळता संगणक समजेल.

मराठीतून, आपल्या हातांनी

या कामात मातृभाषेचे स्थान मध्यवर्ती आहे. 'मिळव', 'ठेव', 'उचल', 'थांब' हे शब्द मुलाला शिकवावे लागत नाहीत. प्रक्रियकाला इंग्रजी येत नाही. त्याला केवळ आकडे कळतात. १९९ चे नाव 'ॲड' ठेवायचे की 'मिळव', हा सर्वस्वी आपला प्रश्न आहे. मराठी आज्ञा घेणारा सिम्युलेटर तयार करणे हे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या गटाला एका सत्रात सहज जमेल असे काम आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये मातृभाषेतील शिक्षणावर भर दिला, २०२१ पासून अभियांत्रिकी शिक्षणही प्रादेशिक भाषांतून देण्यास अनुमती मिळाली. दार उघडले आहे. आत मांडायला ग्रंथ आणि साधने मात्र आपणच निर्माण केली पाहिजेत.

इस्रायलमधील नोआम निसान आणि शिमॉन शॉकेन या दोन प्राध्यापकांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. एका साध्या तार्किक द्वारापासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने संपूर्ण संगणक सिम्युलेटरवर स्वतः उभारायचा, असा अभ्यासक्रम त्यांनी रचला, २००५ मध्ये त्याचे पुस्तक केले आणि सारी साधने जगाला मोफत दिली. आकाराने लहान असलेल्या त्या देशाने तंत्रज्ञानात जे स्थान मिळवले, त्यामागे मुळापासून शिकण्याची ही वृत्ती आहे.

आपल्याकडेही तसा क्रम आखता येईल. आठवी-नववीत पुठ्ठ्याचा संगणक आणि दहा आज्ञा. अकरावी-बारावीत ८०८५ चा सिम्युलेटर. त्यानंतर 'रिस्क-फाइव्ह' ही २०१० मध्ये बर्कली विद्यापीठात आरंभ झालेली मुक्त आज्ञापद्धती, जिचा मूळ संच सुमारे चाळीस आज्ञांचा आहे आणि जिच्यावर 'शक्ती' व 'वेगा' उभे आहेत. म्हणजे पुठ्ठ्यापासून निघालेला मार्ग थेट भारतीय प्रक्रियकापर्यंत जातो. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या परिसरात संगणक अभियंत्यांची वाण नाही. त्यांनी महिन्यातील दोन शनिवार जवळच्या शाळेला द्यावेत. शैक्षणिक संस्थांनी सुट्टीत शिक्षकांची शिबिरे भरवावीत. सेवावस्तीतील अभ्यासिकांतून हे खेळ सुरू व्हावेत. खर्च पुठ्ठ्याचा आणि पेन्सिलीचा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने 'टिफ्रॅक' हा संगणक देशात आरेखित करून उभारला आणि १९६० मध्ये तो पूर्णपणे कार्यान्वित झाला. कारखाने नव्हते, परकीय चलन नव्हते, अनुभव नव्हता. होती ती यंत्र उघडून पाहण्याची, ते स्वतः जुळवण्याची ईर्षा. ती ईर्षा मधल्या काळात मंदावली, कारण तयार वस्तू विकत घेणे सोपे झाले.

स्वदेशी म्हणजे केवळ वस्तूवरील शिक्का नव्हे. ज्या वस्तूचे मर्म आपल्याला ठाऊक नाही, ती आपल्या भूमीत तयार झाली तरी परकीच राहते. आणि जिचे मर्म आपण जाणतो, ती आपल्याला कुणी नाकारली तरी आपण ती पुन्हा घडवू शकतो. परमवैभवाच्या गोष्टी आपण नेहमी करतो. त्या वैभवाचा एक पाया नववीच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या शंभर कप्प्यांपुढे बसून चुकत-माकत बेरीज करणाऱ्या मुला-मुलींच्या हातांनी रचला जाणार आहे. त्यांच्या हाती तो पुठ्ठा देण्याचे काम आपले आहे आणि ते येत्या सुट्टीतच सुरू करता येईल.